छायाचित्रमुद्रण, धातुपत्र्यावरील

धातूच्या सपाट पत्र्यावर प्रकाश, अम्ल, शाई किंवा रंजक यांच्या साहाय्याने छायाचित्र उमटविण्याच्या विविध पद्धतींना मिळून हे नाव दिले जाते. या पद्धतींचे दोन प्रमुख वर्ग पडतात. पहिल्या वर्गात पत्र्यावरील प्रतिमा हेच अंतिम चित्र असते. डॅगेरोटाइप, टिनटाइप, मिनाकारी केलेली छायाचित्रे आणि अलीकडील ॲल्युमिनियमवरील रंगीत चित्रे या वर्गात मोडतात. दुसऱ्या वर्गात पत्रा हे केवळ साधन असून त्यावरून कागदावर अनेक प्रती छापल्या जातात; जस्ताचे व तांब्याचे ठसे आणि ऑफसेट मुद्रणातील ॲल्युमिनियमचे पत्रे हे या वर्गात येतात. धातू टिकाऊ असतो, म्हणून त्यावरील चित्रही टिकाऊ असणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या मुद्रणाचा सु. दोनशे वर्षांचा इतिहास पाहता ती अंशतःच खरी ठरते. चित्राचे आयुष्य पत्र्यावर नव्हे, तर पत्र्याला चित्र धरून ठेवणाऱ्या थरावर अवलंबून असते. शिवाय धातूला बाजारात मोल असल्यामुळे तो वितळविला जाण्याचा धोकाही कायम असतो. छायाचित्र धातूवर छापून घेण्यासाठी प्रयोगशाळा निवडतानाही हेच दोन मुद्दे महत्त्वाचे ठरतात.

प्रारंभ : छायाचित्रणाचा आरंभच मुळी धातूवर झाला. झोझेफ न्येप्स (१७६५–१८३३) या फ्रेंच संशोधकाने १८२६-२७ च्या सुमारास कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर एक प्रकारच्या डांबराचा पातळ लेप दिला आणि तो पत्रा कॅमेऱ्यात ठेवून आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य टिपले. प्रकाश पडलेल्या जागी डांबर कठीण झाले. उरलेले डांबर लव्हेंडरच्या तेलाने धुऊन काढण्यात आले. सु. १६ × २० सेंमी. आकाराचा हा पत्रा अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या उपलब्ध छायाचित्रांपैकी हे सर्वांत जुने मानले जाते. न्येप्सचा मूळ हेतू मात्र छपाईचा होता. प्रकाशाने उमटलेली आकृती अम्लाने पत्र्यात कोरून तीवरून कागदावर प्रती काढता याव्यात, असा त्याचा प्रयत्न होता व एका धर्मगुरूच्या जुन्या व्यक्तिचित्राच्या बाबतीत तो सफलही झाला. धातूवरील छायाचित्र आणि धातूवरून छापलेले छायाचित्र या दोन्ही परंपरांचा उगम अशा प्रकारे एकाच व्यक्तीपाशी जातो.

न्येप्सचा भागीदार ल्वी दागेर (१७८७–१८५१) याची पद्धत १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून त्यावर आयोडिनाची वाफ दिली, की प्रकाशसंवेदी सिल्व्हर आयोडाइडाचा थर तयार होई. कॅमेऱ्यातून काढल्यावर पत्र्याला पाऱ्याची वाफ देत. तीमुळे प्रकाश पडलेल्या जागी शुभ्र कण जमून प्रतिमा दिसू लागे. डॅगेरोटाइपमधील तपशील विलक्षण सूक्ष्म असत, परंतु पृष्ठभाग आरशासारखा असल्याने चित्र एका विशिष्ट कोनातूनच नीट दिसे. नुसत्या बोटाच्या स्पर्शानेही ते पुसले जाई, म्हणून ते काचेखाली पेटीत ठेवावे लागे. त्यात डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल होत असे. सर्वांत मोठी उणीव म्हणजे ते एकुलते एक असे. त्यावरून दुसरी प्रत निघत नसे. घासून स्वच्छ केलेला पत्रा पुन्हा वापरता येत असल्यामुळे मनासारखे न उतरलेले चित्र पुसून टाकणे हा त्या व्यवसायातील नित्याचा भाग होता.

स्वस्त पर्याय म्हणून पुढे टिनटाइप प्रचारात आला. १८५१ मध्ये इंग्रज शिल्पकार फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनाची आर्द्र पद्धत प्रसिद्ध केली. हाच थर काळ्या रोगणाचा लेप दिलेल्या लोखंडी पत्र्यावर देता येतो, हे फ्रान्समधील आदॉल्फ मार्तँ याने १८५३ मध्ये दाखवून दिले आणि अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ याने १८५६ मध्ये त्याचे एकस्व घेतले. नावात ‘टिन’ असले, तरी या पत्र्यात कथिल नसते. चित्र काही मिनिटांत हातात पडत असल्याने जत्रा, छावण्या आणि रस्त्यांवरील फिरते छायाचित्रकार यांच्यात ते लोकप्रिय झाले. रोगणाला तडा गेला, की आत ओल शिरून लोखंड गंजते व प्रतिमेचे पापुद्रे सुटतात. पत्रा शाबूत आणि चित्र नष्ट, हा प्रकार टिनटाइपमध्ये वारंवार आढळतो.

याच काळात मिनाकारीची पद्धतही पुढे आली. धातूवर काचेसारखा थर चढवून त्यात धातूंच्या ऑक्साइडांची प्रतिमा भट्टीत पक्की करण्याचे एकस्व १८५४ मध्ये फ्रान्समध्ये घेण्यात आले. या पद्धतीत प्रतिमा थरावर न राहता थरातच वितळून एकजीव होते. त्यामुळे ती ऊन-पावसाला उत्तम दाद देते. गोव्यातील व मुंबईतील ख्रिस्ती दफनभूमींत थडग्यांवर बसविलेली लंबगोल छायाचित्रे या किंवा चिनी मातीवरील तत्सम पद्धतीची असतात.

भारतातील आगमन : दागेरच्या शोधाची वार्ता भारतात लवकरच पोहोचली आणि १८४० मध्ये कलकत्त्यात डॅगेरोटाइपची उपकरणे विक्रीस आली. तथापि भारतात काढलेले डॅगेरोटाइप फारच थोडे उरले आहेत. येथील दमट हवेत चांदीचा पृष्ठभाग लवकर काळवंडतो आणि पाऱ्याच्या वाफेचे काम उष्ण प्रदेशात त्रासाचे होते. एकाच प्रतीवर थांबणारी ही पद्धत कागदावरील छायाचित्रणापुढे फार काळ टिकली नाही.

१८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. भारतातील अशा प्रकारची ही पहिली संस्था होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय उभारला. या पिढीच्या हाती प्रामुख्याने काच व कागद होते. काचेवरील निगेटिव्ह म्हणजे व्यस्त प्रत जपून ठेवली, की तीवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. पुस्तकात किंवा नियतकालिकात छायाचित्र द्यावयाचे झाल्यास मात्र प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे काढून हाताने चिकटवावी लागे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६–५८ या काळात मुंबईहून प्रसिद्ध केलेल्या मासिक चित्रसंग्रहात अशी चिकटविलेली छायाचित्रे आहेत. छायाचित्र अक्षरांबरोबर एकाच दाबाने छापता येणे, ही त्यानंतरची गरज होती आणि तिच्यासाठी छायाचित्रण पुन्हा धातूकडे वळले.

ठसा : या वळणाचा पाया जिलेटिनासारख्या पदार्थात डायक्रोमेट मिसळले असता तो प्रकाशाने कठीण होतो, या शोधात आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट (१८००–७७) याने १८५२ मध्ये याच तत्त्वावर पोलादात छायाचित्र कोरण्याची पद्धत शोधली. १८६० च्या सुमारास नकाशांच्या प्रती जस्ताच्या पत्र्यावर उतरविण्याची फोटोझिंको पद्धत इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथे प्रचारात आली. मुंबई इलाख्यात या कामासाठी पुणे येथे सरकारी फोटोझिंको कार्यालय उघडण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक नकाशांच्या कोपऱ्यात त्याचे नाव आढळते. छायाचित्र धातूवर उतरविण्याची महाराष्ट्रातील आरंभीची मोठी प्रयोगशाळा म्हणून त्याचा निर्देश करता येईल.

नकाशातील रेषा एक तर काळी असते किंवा नसते. छायाचित्रात मात्र काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या असंख्य छटा असतात. म्यूनिक येथील गेओर्ग मायझेनबाख याने १८८२ मध्ये एकस्व घेतलेल्या हाफटोन पद्धतीने हा प्रश्न सोडविला. मूळ चित्राचे आडव्या-उभ्या रेषांची जाळी असलेल्या काचेतून पुन्हा छायाचित्र घेतात. त्यामुळे प्रत्येक छटेचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते. ही व्यस्त प्रत संवेदी लेप दिलेल्या जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर ठेवून प्रखर दिव्याखाली धरतात. प्रकाश लागलेला लेप कठीण होतो, उरलेला धुऊन जातो. नंतर जस्त नायट्रिक अम्लाने आणि तांबे फेरिक क्लोराइडाने खाल्ले जाते व ठिपके उठावात राहतात. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी बसवून त्याची उंची खिळ्याच्या टंकाइतकी, म्हणजे सु. २३.३ मिमी. करतात. असा ठसा, मुद्रकांच्या भाषेत ब्लॉक, जुळविलेल्या मजकुराबरोबरच यंत्रावर चढतो. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदासाठी इंचाला सु. ६५ रेषांची जाळी आणि जस्त, तर गुळगुळीत आर्ट पेपरासाठी १२० किंवा त्याहून अधिक रेषांची जाळी आणि तांबे वापरण्याचा प्रघात होता. ठशाची किंमत चौरस इंचावर ठरे.

भारतात उपेंद्रकिशोर राय (१८६३–१९१५) यांनी कलकत्त्यात या तंत्राचा मूलगामी अभ्यास केला. त्यांचे लेख लंडनच्या मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे नाव या संदर्भात अग्रगण्य आहे. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण व ठसे तयार करण्याची कला शिकले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडल्यावर त्यांनी १९०८ मध्ये लोणावळे येथे कोरीवकाम व छपाईचा कारखाना काढला. तोच पुढे मुंबईत दादर येथे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने चालला. तिरंगी छपाईच्या अभ्यासासाठी आणि यंत्रांसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. भारतीय चित्रपटाच्या जनकाने चलच्चित्राकडे वळण्यापूर्वीची उमेद धातूच्या ठशांवर खर्च केली होती, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. याच सुमारास का. र. मित्र यांचे मनोरंजन (१८९५) व त्यानंतरची सचित्र मासिके लोकप्रिय झाली. १९२० पासून किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या किर्लोस्कर खबरसारख्या नियतकालिकामुळे दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांनाही छापील चित्रांची गोडी लागली.

कोल्हापूर : धातू आणि चित्र या दोहोंची परंपरा एकत्र नांदणाऱ्या गावांत कोल्हापूरचे स्थान वरचे आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या सागरदेवाची छोटी कांस्यमूर्ती रोमशी असलेल्या प्राचीन व्यापाराची साक्ष देते. ती टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी आपली दानपत्रे तांब्यावर कोरविली. दुसऱ्या भोजाचा कशेळी येथील ११९१ चा ताम्रपट प्रसिद्ध आहे. या दोन्ही वस्तूंचे वैशिष्ट्य असे, की त्यांत आकृती धातूवर चिकटविलेली नसून धातूच्या अंगातच आहे. वर्ण उडाला किंवा गंज चढला, तरी कोरलेले अक्षर वाचता येते. छायाचित्राला हे भाग्य लाभत नाही. ते काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या थरात असते. ताम्रपटांना खरा धोका झाला तो भट्टीचा. जमिनीचे हक्क बदलले, लिपी वाचता येईनाशी झाली, की राजमुद्रेचा पत्राही केवळ तांबे ठरे आणि असे कित्येक पत्रे भांड्यांत गेले असणार.

छत्रपती शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयामुळे कोल्हापुरात चित्रकलेला बहर आला. आबालाल रहिमान हे दरबारी चित्रकार, तर आनंदराव व बाबूराव पेंटर (बाबूराव कृष्णराव मेस्त्री, १८९०–१९५४) हे चुलत बंधू नाटकांच्या पडद्यांपासून छायाचित्रणापर्यंत सर्व कलांत रमणारे. मेस्त्री घराण्यात सुतारकाम, कोरीवकाम व धातुकाम यांची हातोटी वंशपरंपरेने होती. चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास या बंधूंनी घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो सिद्धीस नेला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री १९२० मध्ये प्रदर्शित झाला. या कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली; १९३३ मध्ये ती पुण्यास गेली.

चित्रपटव्यवसायाबरोबर छापील चित्राची मागणीही वाढली. कथासार देणाऱ्या पुस्तिका, वृत्तपत्रांतील जाहिराती, नटनट्यांची चित्रे या सर्वांसाठी ठसे लागत. बाबूरावांनी स्वतः भित्तिपत्रके रंगविली. १९३७ साली सुरू झालेल्या पुढारीसारख्या पत्रांनाही छायाचित्रांसाठी ठशांवरच विसंबावे लागे. ठशाच्या कामात वेळ जाई, म्हणून पुढाऱ्यांचे, पैलवानांचे व संस्थानिकांचे चेहरे असलेले ठसे मुद्रणालये जपून ठेवीत आणि प्रसंगानुसार तेच पुनःपुन्हा वापरीत. एकाच व्यक्तीचे एकच चित्र वर्षानुवर्षे छापले गेल्याचे जुन्या अंकांत दिसते, त्याचे कारण हेच होय.

या छापील चित्रांचे मोल पुढे कळून आले. बाबूराव पेंटर यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. मुरलीवाला (१९२७) सारख्या एखाद्या चित्रपटाचा काही भाग तेवढा उरला आहे. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असे, आपोआप कुजे आणि तिच्यातील चांदीसाठी ती मोडीतही निघे. १९४८ मधील जाळपोळीत कोल्हापूरच्या जयप्रभा चित्रनिर्मितिगृहाचीही मोठी हानी झाली. जे मूकपट पडद्यावर पाहता येत नाहीत, त्यांतील वेशभूषा, नेपथ्य व प्रकाशयोजना यांची कल्पना आज स्थिरचित्रे, भित्तिपत्रके आणि छापील पुस्तिका यांवरूनच येते. म्हणजे चांदीची फीत गेली. जस्ताचा ठसाही गेला. त्या ठशाने शेकडो साध्या कागदांवर उमटविलेले ठिपके मात्र कोठे ना कोठे उरले. प्रतिमा टिकण्याला साहित्याच्या कणखरपणापेक्षा प्रतींची संख्या अधिक उपकारक ठरते, हा यातील बोध आहे.

ठशाचा अस्त : १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत मराठी वृत्तपत्रे व मुद्रणालये टप्प्याटप्प्याने ऑफसेट पद्धतीकडे वळली. या पद्धतीतही छायाचित्र धातूवरच उतरते, पण उठावाने नव्हे. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावरील संवेदी लेपामुळे प्रतिमेचा भाग तेलकट शाई धरतो व उरलेला भाग पाणी धरून शाईला दूर सारतो. पुढे संगणकावरून लेसर किरणाने थेट पत्र्यावर प्रतिमा उमटविण्याची सोय झाली आणि मधली फीतही नाहीशी झाली. जुने ठसे निरुपयोगी ठरले. लाकूड जळणात, तर जस्त व तांबे मोडीत जाऊन पिढ्यान्‌पिढ्यांचे चेहरे वजनावर विकले गेले. ऑफसेटच्या पत्र्यांचीही तीच गत होते : छपाई आटोपली, की ते भंगारात जातात. मजकुराची प्रत जपणाऱ्या ग्रंथालयांतही ठसे जपण्याची प्रथा क्वचितच आढळते.

आधुनिक पद्धती : संगणकीय छायाचित्रण रूढ झाल्यावर धातूवर कायमचे चित्र छापण्याची प्रथा नव्याने सुरू झाली. घरातील पूर्वजांची छायाचित्रे, तालमींतील मल्लांच्या तसबिरी, दुकाने व कार्यालये यांतील मोठी चित्रे आणि स्मारकफलक यांसाठी ती वापरली जाते. आज मुख्यतः चार पद्धती प्रचलित आहेत.

(१) संप्लवन पद्धत : घन पदार्थाचे द्रवरूप न होता एकदम वायूत रूपांतर होणे म्हणजे संप्लवन. या गुणधर्माच्या रंजकांनी चित्राची आरशातील प्रतिमा प्रथम कागदावर छापतात. तो कागद पॉलिएस्टर जातीचा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमवर ठेवून सु. २००° से. तापमानाला दाबतात. रंजक वायुरूप होऊन लेपात शिरते व थंड झाल्यावर तेथेच अडकून राहते. चित्र लेपाच्या आत असल्याने ते सहज खरवडले जात नाही व पाण्याने निघत नाही. तथापि रंजके सेंद्रिय असल्याने तीव्र उन्हात कालांतराने फिकी पडतात. कापडावरील छपाईसाठी विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित झालेले हे तंत्र पुढे धातूला लागू करण्यात आले. (२) थेट मुद्रण : जंबुपार किरणांनी तत्काळ वाळणारी शाई यंत्राद्वारे पत्र्यावर सोडतात. मोठे आकार शक्य होतात व पांढरी शाईही वापरता येते. मात्र शाई पृष्ठभागावरच राहत असल्याने पूर्वतयारी नीट नसेल, तर तिचे पापुद्रे निघतात. (३) जोडचित्र : कागदावरील छायाचित्र ॲल्युमिनियमच्या संयुक्त पत्र्यावर चिकटवितात. याला व्यवहारात धातूवरील चित्र म्हटले जात असले, तरी टिकाऊपणा कागदाचा व डिंकाचा असतो. (४) ॲनोडीकृत पत्रा : विद्युत् रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियमवर सूक्ष्म छिद्रांचा ऑक्साइडाचा थर तयार करून प्रतिमा त्या छिद्रांत बंद करतात. यंत्रांवरील नामपट्ट्यांसाठी ही पद्धत विशेष रूढ आहे. ओतशाळा व यंत्रे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापुरात अशा पट्ट्या परिचित आहेत. चांदीच्या संयुगांनी उमटविलेली कृष्णधवल प्रतिमा यात असेल, तर ती उघड्यावरही दीर्घकाळ टिकते.

प्रयोगशाळेची निवड : वरील विवेचनावरून निवडीचे निकष सहज निश्चित करता येतात. पहिला प्रश्न पद्धतीचा. चारही प्रकारांना विक्रेते एकच नाव देतात. म्हणून प्रतिमा लेपाच्या आत आहे, वर आहे, की चिकटविलेल्या कागदावर आहे, हे प्रथम विचारावे. याचे स्पष्ट उत्तर न देणारी प्रयोगशाळा टाळणे श्रेयस्कर. काही ठिकाणी केवळ काम स्वीकारून ते परगावी पाठविले जाते. त्यात गैर काही नसले, तरी दोष निघाल्यास जबाबदारी कोणाची आणि चित्र पुन्हा करून मिळेल काय, हे आधीच ठरवून घ्यावे.

दुसरा प्रश्न पत्र्याच्या पृष्ठभागाचा. संप्लवन पद्धतीत पांढरे रंजक नसते. पांढरा लेप दिलेल्या पत्र्यावर रंग यथातथ्य येतात. उघड्या धातूच्या पत्र्यावर चित्रातील प्रत्येक उजळ भाग चांदीसारखा चमकतो. समुद्र, यंत्रे किंवा वास्तू यांना तो शोभतो, पण माणसाचा चेहरा त्यावर निर्जीव दिसू शकतो. समोर खिडकी किंवा दिवा असल्यास चकाकीचा पत्रा डॅगेरोटाइपप्रमाणेच मान तिरकी करून पाहावा लागतो. अशा जागी मंद पृष्ठभाग घ्यावा.

तिसरा प्रश्न मूळ प्रतीचा. ३० × ४० सेंमी. आकाराचे चित्र जवळून पाहावयाचे असल्यास इंचाला ३०० ठिपके या प्रमाणाने सु. ३,५४३ × ४,७२४ ठिपक्यांची प्रतिमा लागते. जुने छायाचित्र तिपटीने मोठे करावयाचे असेल, तर ते इंचाला ९०० ठिपके या प्रमाणाने टिपावे. भ्रमणध्वनीवरून संदेशाद्वारे आलेली प्रत बहुधा आकुंचित झालेली असते व तिच्यातील दोष धातूवर अधिक उघडे पडतात. जुन्या चित्राची दुरुस्ती करताना चेहरा गुळगुळीत करण्याचा मोह पुष्कळांना होतो. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची अशा दोन्ही प्रती मागून घ्याव्यात, कारण एकदा नाहीशी झालेली चेहऱ्यावरील रेषा नव्या चित्रावरून परत मिळत नाही.

चौथा प्रश्न पारखीचा. मोठे काम देण्यापूर्वी त्याच चित्राचा तळहाताएवढा तुकडा त्याच पत्र्यावर करवून घ्यावा. पडद्यावरील चित्र स्वयंप्रकाशित असते, धातूवरील परावर्तित प्रकाशात दिसते; त्यामुळे पडद्यावर योग्य भासणारे चित्र पत्र्यावर काळपट येण्याचा संभव असतो. हा नमुना अर्धा पुठ्ठ्याने झाकून दोन महिने उन्हात ठेवावा. झाकलेल्या व उघड्या भागांत फरक पडल्यास ते चित्र उजेडाच्या भिंतीसाठी योग्य नव्हे. उघड्यावर लावावयाच्या चित्रासाठी बाह्य वापराचा लेप वेगळा असतो, याचीही चौकशी करावी.

सर्वांत महत्त्वाचा दंडक मूळ छायाचित्राविषयीचा आहे. जुने कागदी छायाचित्र पत्र्यावर कधीही चिकटवू नये. ते परत सोडविता येत नाही. ते प्रयोगशाळेत ठेवून न येता समक्ष टिपून घेऊन परत आणावे. २०१९ व २०२१ मधील महापुरांत कोल्हापूर परिसरातील असंख्य घरांत पाणी शिरले. ओले झाल्यावर छायाचित्रातील जिलेटिन फुगते आणि चौकटीच्या काचेला चिकटते. वाळल्यावर काच काढली, की चेहरा काचेबरोबर निघून येतो. लेपाच्या आत रंजक असलेला धातूचा पत्रा अशा वेळी स्वच्छ पाण्याने धुता येतो, हा त्याचा निर्विवाद गुण होय. परंतु गाळ घासून पुसल्यास त्यावरही चरे पडतात आणि चिकटविलेल्या जोडचित्राचे कडेने पापुद्रे सुटतात. म्हणून धातूवर छापलेले चित्र ही भिंतीवरची प्रत समजावी. मूळ छायाचित्र, संगणकीय प्रत आणि आप्तांकडे दिलेली एखादी साधी कागदी प्रत ही खरी ठेव होय.

मूल्यमापन : न्येप्सच्या पत्र्यापासून आजच्या ॲल्युमिनियमपर्यंत छायाचित्र तीनदा धातूकडे आले. पहिल्या खेपेस प्रती निघत नाहीत, म्हणून त्याने धातू सोडला. दुसऱ्या खेपेस प्रती काढण्यासाठीच तो धरला. आता प्रतींची चणचण उरलेली नाही, म्हणून ते शोभेसाठी व टिकाऊपणासाठी पुन्हा पत्र्यावर आले आहे. शोभेची अपेक्षा धातू पूर्ण करतो. टिकाऊपणाचे श्रेय मात्र थर पक्का बसविणाऱ्या कारागिराला आणि त्या चित्राच्या मागे नाव, गाव व साल लिहून ठेवणाऱ्या कुटुंबाला जाते. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, असा चेहरा तांब्यावर असला काय आणि ॲल्युमिनियमवर असला काय, कालांतराने तो मोडीच्या तराजूतच जातो.